गाड्या मोजू नका, उरलेली बॅटरी मोजा: पुणे-कोल्हापूर हायवेवर चार्जिंग स्टेशनची जागा कशी ठरली

पुणे-कोल्हापूर हायवेला, म्हणजे आताचा एनएच ४८, आपल्या तोंडात अजून एनएच ४ च बसलाय, तिथं इलेक्ट्रिक गाड्यांसाठी फास्ट चार्जिंग स्टेशन टाकायचं असं माझ्या मामांनी मनावर घेतलं. मामांचं हायवेला हॉटेल आहे, मिसळ आणि जेवण दोन्ही चालतं. मी इलेक्ट्रिकलवाला आणि याच रस्त्याला स्वतः ईव्ही चालवतो, त्यामुळे जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं ठरलं ते सविस्तर लिहितोय, कारण आता रोडटच जमीन असलेला जो तो हाच विचार करतोय आणि बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतायत असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळे पहिलं तेच विचारतात. चार्जिंग स्टेशन टाकायला वीज विकायचं लायसन्स लागत नाही, चार्जिंग ही सेवा आहे असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, त्यामुळे नियम पाळून कुणीही टाकू शकतो. मंत्रालयाच्या आधीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हायवेला दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावं असं धरलं होतं, २०२४ च्या सूचनांमध्ये ते २० किलोमीटर केलंय, महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मात्र २५ किलोमीटर आहे. आता हे २०-२५ किलोमीटर म्हणजे सरकारच्या दृष्टीने जाळं कसं विणायचं त्याचा आकडा. तुमची जागा चालेल का नाही ते तो सांगत नाही.

समोर तीन जागा होत्या.

पहिली शिरवळच्या अलीकडे, पुण्याहून साताऱ्याला जाताना डाव्या हाताला, भाड्याची. शेजारी मोठं हॉटेल, बाहेर कायम गाड्यांची रांग, आणि जागामालकाचं भाडं त्या रांगेकडे बघूनच ठरलेलं. दुसरी मामांची स्वतःची, वाई-महाबळेश्वरचा रस्ता हायवेला मिळतो त्या सुरूर फाट्याच्या थोडं पुण्याकडे, साताऱ्याहून पुण्याला जाताना डाव्या हाताला, म्हणजे वाईच्या बाजूला, तिथंच त्यांचं हॉटेल. तिसरी कराडच्या पुढे पेठ नाक्याच्या अलीकडे, मामांच्या मित्राची, कोल्हापूरकडे जाणाऱ्या बाजूला, भाडं जवळजवळ नाहीच, धंद्यात वाटा द्यायचा एवढंच. मशीन तिन्हीकडे एकच धरलं होतं, ६० किलोवॅटचा डीसी चार्जर, दोन गन (केबलच्या टोकाचे प्लग), दोन्ही सीसीएस २, कारण आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या कारना तेच सॉकेट आहे. सुरुवातीच्या काळात १५ किलोवॅटचे भारत डीसी ००१ वाले चार्जर लागले होते बऱ्याच ठिकाणी, आजच्या नेक्सॉनला किंवा विंडसरला त्यांचा काही उपयोग नाही, म्हणून गनचा विषय आधीच मिटवून टाकलेला बरा.

मामांचं मत शिरवळ. त्यांचं गणित सरळ होतं, "आरं जिथं गाड्या जास्त तिथं गिऱ्हाईक जास्त, खेड शिवापूरच्या टोलला बघ की किती रांग असती." हॉटेलसाठी हे गणित बरोबर आहे, माणसाला भूक कुठंही लागते. पेट्रोल पंपालाही बऱ्यापैकी लागू पडतं कारण पेट्रोलवाला घरून टाकी फुल करून निघत नाही, वाटेत भरतो. ईव्हीवाल्याचं उलटं असतं, तो रात्री घरी लावून सकाळी शंभर टक्क्यांवर बाहेर पडतो. म्हणजे त्याच्या घरापासून पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर तो कुठल्याही चार्जरकडे ढुंकून बघत नाही, तिथून हजार ईव्ही गेल्या काय आणि दहा हजार गेल्या काय. म्हणून मी मामांना म्हटलं, आपण गाड्या नको मोजू, गाडी आपल्या दारात येते तेव्हा तिच्यात बॅटरी किती उरलेली असते ते मोजू.

आता हे मोजायचं कसं, तर कागदावर, फार अवघड नाही. आपल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या गाड्या घ्या. जुनी नेक्सॉन ३०.२ युनिटची, नंतरची ४०.५ ची, त्यानंतर ४५ ची, टियागो १९.२ नाहीतर २४ ची, एमजीची झेडएस ५०.३ ची. हायवेला एसी लावून चार माणसं आणि सामान घेऊन माझ्या अनुभवात एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर धरावेत, कंपनीचा आकडा बाजूला ठेवायचा. म्हणजे ४० युनिटची गाडी शून्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, पण शून्यापर्यंत कुणी जात नाही, वीस टक्के राहिले की माणूस अस्वस्थ होतो आणि बरोबर बायका-पोरं असतील तर तीसलाच. म्हणजे खरा आवाका १८० ते २००.

लोकांना भीती घाटाची असते पण खरी बॅटरी वेग खातो. दीड टनाची गाडी १०० मीटर वर चढवायला निव्वळ ०.४ युनिट लागतं, मोटरमधला लॉस धरून अर्धं म्हणा, आणि त्यातलं काही उतारावर रीजनमध्ये, म्हणजे मोटरच बॅटरी भरते तेव्हा, परत मिळतं. वाई साधारण ७०० मीटरवर आणि महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे पसरणीपासून वरपर्यंतच्या चढाला सपाट रस्त्यापेक्षा तीन-साडेतीन युनिटं जास्त, बस. उलट हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ८० चा काटा १०० वर नेला की तो दीडपटीहून जास्त होतो आणि हे पूर्ण रस्ताभर चालू राहतं. त्यामुळे जागा बघताना घाट कुठं आहे यापेक्षा त्या आधीच्या पट्ट्यात लोक काय वेगाने येतात ते बघा. खेड शिवापूर सुटलं की खंबाटकीपर्यंत सहा लेनचा मोकळा रस्ता असला तर शंभरच्या खाली कोण चालवतं.

मग शिरवळ. पुण्यापासून ५० किलोमीटर. पुण्याची गाडी तिथं ऐंशी टक्क्यांवर असते, तिला चार्जरशी देणंघेणं नाही. मुंबईची गाडी तिथं पोचेपर्यंत २०० किलोमीटर झालेले असतात, म्हणजे कागदावर ती आपलं गिऱ्हाईक. पण ती गाडी मधे एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला थांबलेली असते, नाहीतर वाकड-बाणेरच्या बायपासला, तिथं चार्जरची कमी नाही आणि सकाळी सहाला निघालेला माणूस नाश्त्याला तिथंच थांबतो. कोल्हापूरहून परत येणारी गाडी शिरवळला दमलेली असते खरी, पण आपली जागा जाणाऱ्या बाजूला, येणाऱ्या बाजूला नाही. आणि त्या माणसाला पुण्यात घर ५० किलोमीटरवर दिसत असतं, तो दहा मिनिटांपुरतं लावेल नाहीतर हळू चालवत घरी जाईल. रांगेतल्या सगळ्या गाड्या बघून ठरलेलं भाडं भरायचं आणि त्यातल्या हिरव्या पाटीच्या गाड्या हात हलवून पुढे जाणार.

हिरवी पाटी म्हणजे ईव्हीची नंबरप्लेट, खासगीला हिरव्यावर पांढरे आकडे, टॅक्सीला पिवळे. मी मामेभावाला सांगितलं की रस्त्यावरच्या नको, हॉटेलच्या पार्किंगमधल्या हिरव्या पाट्या बघ, आणि जमलं तर ड्रायव्हरला विचार, दादा कुठून आलात, कुठं चालला, किती टक्के राहिलेत. लोक अगदी हौसेने सांगतात, ईव्हीवाल्याला टक्के विचारले की तो पाच मिनिटं बोलतो. शनिवार-रविवार आणि मधले वार असं दोन्ही बघितलं. टोलच्या डेटात गाडी मोजली जाते, तिची बॅटरी नाही, त्यामुळे हे विचारून घेणं हाच सगळ्यात उपयोगी सर्व्हे ठरला.

सुरूरच्या जागेला पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला कोण कोण येतं ते बघा. पुण्याहून शुक्रवारी महाबळेश्वरला गेलेलं कुटुंब, जाताना १२० किलोमीटर आणि चढ, वर दोन दिवस पॉइंट फिरणं, हॉटेलवाल्याने पंधरा अँपिअरचं सॉकेट दिलं तर दिलं नाहीतर नाही, मग पाचगणी-वाई करत खाली उतरून सुरूरला आले की दोनशेच्या वर झालेले असतात आणि पुणं अजून ८५ किलोमीटर. वीस-पंचवीस टक्के. हा माणूस थांबणारच. तसाच कास-ठोसेघर करून एका दिवसात परतणारा पुणेकर. तसाच कोल्हापूरहून भरून निघालेला, १४५ किलोमीटर आलेला, ज्याला पुढे पुण्याला नव्हे, मुंबईला जायचंय, तो पन्नासच्या खाली असतो आणि त्याला माहीत असतं की रविवारी संध्याकाळी खंबाटकी, खेड शिवापूर, कात्रज कुठंही गाडी अडकू शकते, मग तो इथंच भरून घेतो. पाचगणीच्या शाळांमध्ये मुलांना सोडायला-आणायला येणारे पालक हे आणखी एक, ते विकएंडलाच येतात असं नाही.

यात बाजूचं महत्त्व किती ते वेगळं सांगायला पाहिजे. वाई हायवेच्या पश्चिमेला, आणि पुण्याकडे जाणारी लेनही पश्चिमेची, म्हणजे वाईकडून उतरलेली गाडी फाट्यावरून वळली की आपली जागा त्याच हाताला येते. हीच जागा समोरच्या बाजूला असती तर मी नको म्हणालो असतो. मॅपवर चार्जर दोनशे मीटरवर दिसतो पण तो पलीकडे असतो, मधे डिव्हायडर, अंडरपास कुठंतरी पुढे, जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर, आणि पंधरा टक्क्यांवर असलेल्या माणसाला कुणी असा वळसा सांगितला तर तो पुढच्या वेळी त्या स्टेशनचं नाव घेत नाही.

आता गंमत अशी की निव्वळ बॅटरीच्या हिशोबाने पहिली आली ती तिसरी जागा, पेठ नाक्याची. पुण्यापासून १८० च्या पुढे, कोल्हापूरकडे जाणारी बाजू, गोव्याला किंवा बेळगाव-बंगळूरला निघालेली प्रत्येक पुण्याची गाडी तिथं बरोबर वीस-तीस टक्क्यांवर पोचते, आणि वेळही दुपारच्या जेवणाची. मामेभाऊ तर लगेच तिकडे वळला. मी पण थोडा वेळ मोहात होतो. पण तिथं जाऊन उभं राहिल्यावर चित्र वेगळं. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम, ठिकठिकाणी डायव्हर्जन, सर्व्हिस रोड अर्धवट, आणि आज जी जागा हायवेला टच आहे ती काम संपल्यावर उड्डाणपुलाच्या खाली जाणार का रॅम्पच्या बाजूला राहणार हे तिथं कुणालाच नक्की सांगता येईना. कराड-मलकापूरला बघा, केवढा लांब उड्डाणपूल आलाय, खाली ज्यांची दुकानं-हॉटेलं होती त्यांच्या डोक्यावरून गाड्या नेणारा. चार्जरचा पैसा पाच-सात वर्षांत हळूहळू सुटतो, आणि पहिल्या दोन वर्षांतच रस्ता वर गेला तर मशीन उचलून न्यायला लागतं, डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि केबलचा खर्च जमिनीत राहतो. ज्याला रस्त्याचं अंतिम ड्रॉइंग बघायला मिळालेलं नाही त्याने अशा पट्ट्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तिथं आजूबाजूला बसायला, खायला, बाथरूमला काही नव्हतं.

इथपर्यंत सगळं रस्ता आणि बॅटरी. पण जागा खरी ठरते ती विजेच्या खांबावर, आणि या बाबतीत मी लोकांना इतकं बेफिकीर बघितलंय की थोडं लांबण लावून लिहितो.

पहिला प्रश्न, जागेवर येणारी लाईन कुठल्या फीडरची, म्हणजे सबस्टेशनातून निघालेल्या कुठल्या मुख्य लाईनवरची? शेतीचा फीडर असेल तर विषय तिथंच संपला, थ्री फेज ठराविक तासच, त्यात कधी दिवसाची पाळी कधी रात्रीची. गावठाण फीडर असेल तर चोवीस तास सप्लाय असतो पण लांबवर ओढलेल्या लाईनच्या शेवटच्या टोकाला तुम्ही असाल तर संध्याकाळी व्होल्टेज पडतं. एमआयडीसीचा किंवा एक्सप्रेस (मधे फाटे नसलेला थेट) फीडर जवळून जात असेल तर सोन्याहून पिवळं. हे कुठल्या वेबसाईटवर नाही कळत. एरियाच्या वायरमनला चहा पाजायचा, सबस्टेशनला जाऊन ऑपरेटरला विचारायचं की पावसाळ्यात हा फीडर किती वेळा ट्रिप होतो, वळवाच्या पावसात काय होतं, झाडाच्या फांद्या कुठं लागतात. ती माणसं खरं सांगतात. पेठ नाक्याच्या जागेला लागून जी लाईन होती ती शेतीच्या मोटारींची निघाली, आणि गावठाणची लाईन आणायची तर मधे बऱ्याच जणांच्या शेतातून खांब टाकायला लागणार होते, म्हणजे प्रत्येकाची संमती. रस्त्याच्या कामाचं नसतं तरी ही एक गोष्ट पुरेशी होती.

मामांच्या हॉटेलचं कनेक्शन गावठाण फीडरवर होतं पण जुन्या डीपीवरून, आणि त्या डीपीवर आधीच अर्धी वस्ती. संध्याकाळी हॉटेल भरलेलं असताना मीटर लावून बघितलं तर ४१५ व्होल्टच्या बरंच खाली. चार्जरला व्होल्टेज कमी पडलं की तो सरळ बंद पडतो, मधेच, गाडी लावलेली असताना, आणि ॲपवर एरर दाखवतो. गिऱ्हाईकाला वाटतं मशीन खराब. मामा म्हणत होते हॉटेलचंच मीटर वाढवून घेऊ, पण ते दोन कारणांनी नको. एक म्हणजे महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर आहे, व्यापारी दराने घेतलेली वीज गाडीत भरली तर मार्जिन तिथंच जातं. दुसरं, लोड. ६० किलोवॅट बाहेर द्यायचे तर मशीनचा लॉस धरून आत ६४-६५ लागतात, थ्री फेजला ९० अँपिअरच्या आसपास. ६३ केव्हीएचा डीपी एकट्या या मशीनने भरून ओसंडतो, म्हणजे पुढचा साईझ १०० केव्हीए, आणि तोही फक्त आपल्यासाठी.

नशीब असं की एचटी (उच्च दाबाची) लाईन हॉटेलच्या मागच्या बांधावरूनच जाते, त्यामुळे मामांचीच जागा पक्की झाली. वेगळं ईव्ही कनेक्शन, स्वतःचा १०० केव्हीएचा डीपी, आणि चार्जर डीपीपासून जितका जवळ ठेवता येईल तितका जवळ. इथं मात्र ओढाताण झाली. डीपी मागच्या बाजूला, आणि मामांना चार्जर अगदी पुढे रस्त्याला दिसेल असा हवा होता, जाहिरात होते म्हणून. पुढे न्यायचा तर एवढ्या करंटची जाड केबल पूर्ण पार्किंगखालून न्यायला लागणार, खर्च वाढणार आणि खाली ट्रकची वर्दळ. मधली जागा काढली, हॉटेलच्या बाजूच्या भिंतीला, जिथं गल्ल्यावरून नजर जाते आणि हायवेवरून येताना मशीनचा दिवा दिसतो. अर्थिंगचे खड्डे वेगळे घेतले, मुरमाड जमीन असल्याने त्यात नीट माती-मटेरियल भरून रीडिंग खाली आणायला वेळ गेला, पण अर्थिंग बरोबर नसलं तर गाडीच चार्जिंग घ्यायला नकार देते, त्यामुळे तिथं पैसा वाचवायचा नाही.

डिमांड चार्ज हा आणखी एक मुद्दा जो लोक विसरतात. तो म्हणजे लोडच्या हिशोबाने लागणारा आकार, तुमच्या दरात तो असेल तर गाडी आली नाही तरी दर महिन्याला भरावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी १२० किलोवॅटचं मशीन नको असं ठरवलं. ६० चं मशीन चोवीस तासांतले दहा टक्के वेळ पूर्ण ताकदीने चाललं तर दिवसाला १४४ युनिटं विकली जातात, म्हणजे वीस ते ऐंशी टक्के भरणाऱ्या ४० युनिटवाल्या सहा गाड्या. मामांना मी हाच आकडा पाठ करायला लावला. रोज सहा गाड्या, वर्षभराची सरासरी, पाऊस-पाण्यासकट. हायवेला सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि मंगळवारी मशीन रिकामं असतं, त्यामुळे रविवारची रांग बघून कुणी मोठं मशीन घेऊ नये.

वेळेचं पण बघा. वीस ते ऐंशी म्हणजे २४ युनिटं. एकच गाडी लावली असेल तर ती गाडी जितकं घेऊ शकते तितकं घेते, ४०.५ वाल्या नेक्सॉनला साधारण पाऊण तास. दोन गाड्या लागल्या की ६० चे दोन भाग, प्रत्येकी ३०, मग तेच काम पन्नास मिनिटं. हॉटेलवर ऑर्डर देऊन जेवून हात धुवून उठायला साधारण तेवढाच वेळ लागतो. चार्जिंगचा वेळ आणि जेवणाचा वेळ जुळला तर माणूस वैतागत नाही, आणि मामांची खरी कमाई त्याच्या ताटावर होते, युनिटवर कमी. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की हायवेला चार्जिंग स्टेशन चालत्या हॉटेलला लागूनच असावं. माळावर एकटं मशीन, वर पत्रा, शेजारी कुणी नाही, रात्री अकरा वाजता तिथं बाईमाणूस गाडी लावून पाऊण तास बसणार आहे का? उजेड, कॅमेरा, स्वच्छ बाथरूम, तेही बायकांसाठी वेगळं आणि कडी नीट लागणारं, हे चार्जरइतकंच जागेचं भांडवल आहे. मामींनी बाथरूमचं काम चार्जरच्या आधी करून घ्यायला लावलं आणि त्या शंभर टक्के बरोबर होत्या.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. मशीनमध्ये सिम असतं, ॲपवरून चालू-बंद आणि पेमेंट त्यावर चालतं, त्यामुळे नेमक्या त्याच भिंतीपाशी उभं राहून दोन-तीन कंपन्यांची रेंज बघितली, सुरूरला रेंज आहे म्हणजे आपल्या भिंतीमागे असेलच असं नाही. गाड्यांची सॉकेटं वेगवेगळ्या ठिकाणी, झेडएसचं पुढच्या जाळीत, बऱ्याच गाड्यांचं मागच्या बाजूला, म्हणून गाडी पुढून किंवा उलटी कशीही लावली तरी केबल पोचेल असं मशीन दोन जागांच्या मधोमध. वर छप्पर, कारण एप्रिल-मे मध्ये उन्हात मशीन तापलं की स्वतःच पॉवर कमी करतं. जागा हिरव्या रंगवल्या, तरी डिझेलवाला सावली बघून तिथंच लावतो, म्हणून वॉचमनची खुर्ची तिथं. हायवेला थेट जोडणारा रस्ता हवा असेल तर महामार्गाची प्रवेश परवानगी, डिसेलरेशन लेन (वळायच्या आधी वेग कमी करायची लेन) वगैरे भानगडी येतात, मामांच्या हॉटेलला सर्व्हिस रोडवरून आधीच रस्ता होता म्हणून ते वाचलं. नवीन जमिनीवर बिनशेती आणि ही परवानगी यातच बराच काळ जातो, जागेची किंमत काढताना तो काळ धरा.

मामांची एक काळजी अशी होती की पुढे थोड्या अंतरावर दुसऱ्या एका हॉटेलला आधीच चार्जर आहे, मग आपल्याकडे कोण येणार. मी उलटं सांगितलं आणि आजही त्यावर ठाम आहे. ईव्हीवाला प्लॅन करताना नेहमी बघतो की हा बंद निघाला तर पुढचा किती लांब. एकटा चार्जर असेल तर तो धोका घेत नाही, आधीच कुठंतरी भरून घेतो. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये दोन-तीन असले की तो पट्टा त्याच्या डोक्यात थांबायची जागा म्हणून बसतो. मग त्यातल्या त्यात ज्याचं मशीन कायम चालू आणि जेवण चांगलं तो जिंकतो. मामांना जेवणाची काळजी नव्हतीच.

मशीन चालू झाल्यावर जे दिसलं त्यात दोन गोष्टी कागदापेक्षा वेगळ्या निघाल्या. आम्ही धरलं होतं की मुख्य गर्दी रविवारी दुपारी चार ते आठ, ती आहेच, पण त्यानंतर रात्री दहा-साडेदहाला मुंबईच्या गाड्या येतात, महाबळेश्वरहून नाही, थेट कोल्हापूर-गोव्याकडून, आणि त्या नव्वदपर्यंत भरून निघतात कारण पुढे पुण्यात न थांबता एक्सप्रेसवे गाठायचा असतो. ऐंशीच्या पुढे बॅटरी हळू भरते, त्यामुळे मागच्या माणसाला थांबायला लागतं, यावर आता ऐंशीनंतर रांग असेल तर गाडी काढा असा बोर्ड लावलाय आणि मामेभाऊ स्वतः जाऊन हात जोडून सांगतो, लोक ऐकतात. दुसरं म्हणजे मधल्या वारी वाई आणि साताऱ्याचे स्थानिक लोक येतात, ज्यांच्या घरी पार्किंग नाही किंवा वाड्यात लाईन ओढता येत नाही. त्यांना जेवायचं नसतं, स्वस्त युनिट हवं असतं. त्यांच्यासाठी दुपारचा दर थोडा कमी ठेवलाय, मंगळवार-बुधवारचं मशीन रिकामं राहण्यापेक्षा ते बरं.

गाड्यांची बॅटरी वाढतेय हे पण डोळ्यासमोर ठेवलंय. महिंद्राच्या बीई ६ ला ७९ युनिटची बॅटरी येते आणि ती १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकते, तिला आमचं ६० चं मशीन म्हणजे फारच हळू. आणि मोठ्या बॅटरीची पुण्याची गाडी महाबळेश्वर करून तशीच घरी पोचेल, तिला सुरूरला थांबायची गरजच नाही. म्हणजे पुढच्या काही वर्षांत या जागेचं गिऱ्हाईक पुणेकराकडून मुंबईकराकडे सरकणार. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, त्यामुळे मुंबईहून ईव्ही घेऊन निघणारे वाढणारच. डीपीचा चौथरा म्हणूनच २०० केव्हीए बसेल एवढा बांधलाय आणि जास्तीचा पाइप आत्ताच जमिनीत टाकून ठेवलाय, मशीन मात्र मागणी दिसल्यावरच.

खंबाटकीच्या नव्या जोडबोगद्यावर पण आमचं लक्ष आहे. त्यात दोन्ही दिशांना तीन-तीन लेन, म्हणजे सगळी वाहतूक त्यातून जायला लागली की सुट्टीतली घाटातली कोंडी कमी होईल, आणि कोंडीच्या भीतीने जे आधीच भरून घेतात ते काही प्रमाणात थेट पुढे जातील. किती, ते पार्किंगमध्ये परत टक्के विचारूनच कळेल, मामेभावाने वही ठेवलीय त्यासाठी.

पेठ नाक्याची जागा आम्ही सोडलेली नाही. मामांच्या मित्राला स्पष्ट सांगितलंय की सर्व्हिस रोड आणि उड्डाणपुलाचं त्या ठिकाणचं काम जमिनीवर दिसलं आणि गावठाण फीडरची लाईन बांधापर्यंत आली की त्याच आठवड्यात बसू. त्यांनी मधल्या शेतकऱ्यांच्या संमतीची सुरुवात केलीय, दोघांच्या सह्या राहिल्यात.